तिघांना मिळून एक कोट

गावातल्या जुन्या इस्पितळात केसपेपरची खिडकी आहे, तिच्या बरोबर समोर माझा चेहरा बसवलेला आहे. छातीपर्यंतच. कपाळ माझं, नाक माझं, उजव्या भुवईवर लहानपणी खिडकीचं दार लागून पडलेली खोकसुद्धा माझीच. खाली पितळी पाटी आहे आणि पाटीवर ज्याचं नाव आहे त्याने आपल्या कारकिर्दीत शे-दीडशे माणसं फासावर चढवली. मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जातो तेव्हा रांगेतले कंटाळलेले लोक एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे बघतात, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन जरा लांब सरकतात. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यात कुणाचा फ्यूजसुद्धा मी मुद्दाम काढलेला नाही.

हे सगळं आईमुळे झालं. म्हणजे दोष तिचा नाही, पण सुरुवात तिच्यापासून झाली.

आईचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती बघायची ते हातांनी. घरी आलेल्या पाहुण्याचा पंजा हातात धरून त्याचं वजन वाढलंय की उतरलंय हे ती चारचौघांत सांगून टाकायची, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी झाली. मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला दाराबाहेर घेतलं आणि म्हणाले, आता त्यांना हवं ते करू द्या. डॉक्टर हे वाक्य केव्हा वापरतात ते मला कळतं. आईलाही कळत होतं. मी आत गेल्या गेल्या तिने विचारलं, "हवं ते करू द्या म्हणाला ना?" मी हो म्हटलं. "मग मला माझ्या वडिलांचा चेहरा बघायचाय," ती म्हणाली.

आता हे जरा अवघड होतं. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, त्याच इस्पितळात डॉक्टर होते. मोठी साथ आली तेव्हा गावातले बरेच शहाणे लोक गाव सोडून गेले आणि आजोबा राहिले. साथ ओसरत आली असताना त्यांनाच लागण झाली आणि ते गेले. आई तेव्हा नुकती चालायला लागली होती. त्यानंतर घरी माणसं आली आणि त्यांनी रोगाच्या भीतीने आजोबांची प्रत्येक वस्तू अंगणात नेऊन जाळली. गादी जाळली, पुस्तकं जाळली, कोट जाळला आणि त्यांचा एकुलता एक फोटोही चौकटीसकट जाळला. आईला वडील आठवत नव्हते. आठवत होतं ते त्या कोटाचं एक बटण. ते तिला कडेवर घेत तेव्हा ती ते तोंडात धरायची. मोठं, गोल, मध्ये खळगा आणि कडा उचललेल्या. जन्मभर वडिलांचा विषय निघाला की तिचा अंगठा बोटाच्या टोकावर गोल गोल फिरायचा, तो त्या बटणासाठी.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात आलं की इस्पितळाला शंभर वर्षं होताहेत आणि त्यानिमित्त व्हरांड्यात चार उपकारकर्त्यांचे अर्धपुतळे बसणार आहेत. बायको मोठ्याने वाचत होती. चौथं नाव आजोबांचं निघालं. आईने वाटी खाली ठेवली. पुतळा म्हणजे बरंच झालं, ती म्हणाली, फोटो असता तर तो माझ्या काय कामाचा होता. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

मी शताब्दी समितीच्या चिटणिसांना भेटायला गेलो. उभी हयात मी खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेली, त्यामुळे बाहेरच्या बाजूला कोपर कुठे टेकवायचं हेच मला समजेना. चिटणीस सज्जन होते. सज्जन माणसं जशी काहीच करत नाहीत तसे तेही काही करत नव्हते. नाव यादीत आहे, म्हणाले, पण चित्र नाही, छायाचित्र नाही, वर्णन नाही. काही मिळालं नाही तर तीनच पुतळे बसवू, नाहीतरी चौथ्या खांबावर वायरिंगचा डबा येतोय. मी गयावया केली. शेवटी त्यांनी मला शिल्पकाराचा पत्ता दिला.

शिल्पकाराचा कारखाना एका बंद पडलेल्या गिरणीमागे होता. आत शिरलो तर भिंतीला टेकवून पाच-सहा छात्या ठेवलेल्या. नुसत्या छात्या. कोट घातलेल्या, बटणं लावलेल्या, मानेच्या वर काही नाही. माझ्या अंगावर काटा आला. शिल्पकार म्हणाला, घाबरू नका, ती तयार पद्धत आहे. वडिलांच्या वेळेपासून एकच साचा आहे. महापौर असो, कॉलेजचा संस्थापक असो की पोहण्याच्या तलावाला जागा देणारा असो, छाती तीच, डोकं तेवढं ऑर्डरप्रमाणे. गावातल्या थोर माणसांना मिळून एकच कोट आहे हे मला तेव्हा कळलं. फोटो नसेल तर काय करता, मी विचारलं. जवळचा पुरुष नातेवाईक बसवतो, तो म्हणाला. हाडं खोटं बोलत नाहीत. वय लागेल तसं कमी-जास्त करायचं, आणि मिशी सगळ्यात शेवटी लावायची. मिशीवरून घराण्यांत भांडणं होतात.

आईच्या मामेबहिणीने माझं नाक आजोबांवर गेलंय असं एका लग्नात म्हटलं होतं. तेवढ्या पुराव्यावर मी स्टुलावर बसलो.

पुतळ्यासाठी बसणं हे काम सोपं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतः बसून बघावं. शेजाऱ्यांनी मला आधीच तयार केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हसू नका, तुमचे दात दिसतात. त्यांचे यजमान म्हणाले, अगदी हसला नाहीत तर तक्रार खिडकीवर बसल्यासारखे दिसाल. समोरच्या इमारतीतल्या विमा एजंटाने डॉक्टर कसा दिसतो ते स्वतः करून दाखवलं आणि जाताना माझं वय विचारून गेला. वरच्या मजल्यावरचे मास्तर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, यांनी मला करुण पण खंबीर असं तोंड करायला सांगितलं. मी आरशासमोर केलं. बायकोने आतून विचारलं, "अहो, पोट दुखतंय का?"

आठवडेच्या आठवडे मी गेलो. माझी मान धरली, कंबर धरली, एक पाय कायमचा झोपून गेला. मातीत हळूहळू मी उमटत होतो आणि शिल्पकार मला वीस वर्षांनी तरुण करत होता, कारण आजोबा गेले तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते. ते तरुण करणं मला आवडलं हे नाकारण्यात अर्थ नाही. घरी आलो की आई विचारायची, कान झाले का? हनुवटी कशी आहे? मी सांगायचो. तिचा श्वास आता दोन वाक्यांच्या मध्ये अडकत होता. "लवकर कर म्हणावं त्याला," ती एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही, आणि ते न म्हणणं मला जास्त लागलं.

मध्येच घोळ झाला तो पाटीच्या मजकुरावरून. चिटणिसांनी मला मसुदा वाचायला दिला. त्यात आजोबांनी साथीत रुग्णसेवा केली होती, त्याआधी मध्यवर्ती तुरुंग शिस्तीने चालवला होता, आणि शेवटी प्रदर्शनाच्या मैदानातून फुग्यात बसून ते आकाशात गेले होते. मी म्हटलं, साहेब, फुगा? चिटणीस म्हणाले, नोंदी तशा आहेत.

मी मसुदा मास्तरांकडे नेला. मास्तरांना असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की त्या काळी आपल्या गावात या एकाच नावाचे, आडनावासकट, तीन नामांकित गृहस्थ होऊन गेले. एक तुमचे आजोबा. दुसरा तुरुंगाचा अधिकारी, फाशी देताना घड्याळ हातात धरणारा. तिसरा हौशी विमानवीर. विमानं नव्हती, म्हणून फुगा. तो वर गेला हे हजारो लोकांनी पाहिलं, खाली आला हे कुणीच पाहिलं नाही. तिघे एकमेकांना ओळखत असणार, मास्तर म्हणाले, पोस्टमन तर नक्कीच वैतागत असेल.

मग चिटणिसांनी मला पालिकेत पाठवलं, माझे आजोबा हे बाकीचे दोघे नव्हते हे सिद्ध करायला. जन्ममृत्यूच्या खिडकीवरच्या बाईंनी खूप शोधलं. साथीच्या शेवटी शेवटी लिहिणारेच मेले, त्यामुळे त्या आठवड्यांत नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. आजोबा त्यातल्या कुठल्यातरी आकड्यात होते. तुरुंगाधिकाऱ्याचं मात्र सगळं जागेवर होतं, बढत्या, बदल्या, निवृत्तीवेतन, स्वच्छ अक्षरात. आणि फुगेवाल्याच्या मृत्यूची नोंदच नव्हती. बाई म्हणाल्या, कागदोपत्री ते अजून हयात आहेत. तिघांपैकी जो खरोखर लोकांसाठी मेला त्याचाच पुरावा नाही, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. बाईंनी मला पाणी दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी चिटणिसांकडे परत गेलो तेव्हा तिथे एक कंत्राटदार बसले होते. ते तुरुंगाधिकाऱ्याचे पणतू. इस्पितळाचं गळकं छप्पर ते स्वखर्चाने करून देणार होते. ठरावात नुसतं नाव आहे, व्यवसाय नाही, चिटणीस माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि तुरुंगाधिकाऱ्यांचा या संस्थेशी संबंध आहेच. कुंपणाची भिंत त्यांनी कैद्यांकडून बांधून घेतली. शिवाय शिकाऊ डॉक्टरांना प्रेतं त्यांच्याकडूनच यायची. कंत्राटदारांनी नम्रपणे मान लववली. तिसऱ्याचं, फुगेवाल्याचं, कुणीच आलं नव्हतं, तो वाऱ्यावर.

समिती विचार करेल असं मला सांगण्यात आलं. समितीने काय विचार केला ते मला शिल्पकाराकडून कळलं. समारंभाला थोडेच दिवस उरले असताना त्याचा फोन आला, मिशी लावलीये, एकदा बघून जा. मी गेलो. ओल्या फडक्याखालून माझाच चेहरा निघाला, तरुण, जरा करुण, आणि त्यावर दोन्ही टोकं वर वळवलेली एक जाडजूड मिशी. कंत्राटदारांच्या दिवाणखान्यात पणजोबांचं तैलचित्र आहे, शिल्पकार म्हणाला. त्यावरून फक्त मिशी घेतली. नवीन डोक्याला समितीची मंजुरी नाही, आणि वेळही नाही. कंत्राटदार स्वतः येऊन गेले, म्हणाले, हुबेहूब.

मी खूप बोललो. माझ्या हाडांचा मामला आहे, म्हटलं. शिल्पकाराने ऐकून घेतलं आणि छात्यांच्या रांगेकडे हात केला. तो म्हणाला, यांच्यापैकी कुणालाही हा कोट विचारून घातलेला नाही.

घरी येताना मी ठरवलं की आईला खरं सांगायचं. दार उघडलं तर ती पलंगावर ठेवणीतले कपडे घालून बसलेली, बायको तिचे केस विंचरत होती. घालून बघितलं, आई म्हणाली, ऐन वेळी सैल झालं तर. सैल झालंच होतं. तिच्या अंगावर काही उरलंच नव्हतं. तिने शेजारच्या सगळ्यांना बोलावलं होतं, अगदी विमा एजंटालासुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "सांगा. पण त्या परत आडव्या झाल्या की उठायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवून सांगा."

मी सांगितलं नाही.

समारंभाच्या दिवशी इस्पितळानेच चाकाची खुर्ची दिली, तिचं एक चाक डावीकडे ओढत होतं. त्यामुळे आम्ही आधी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलो, मग क्ष-किरणात, आणि घामाघूम होऊन व्हरांड्यात पोचलो तेव्हा भाषणं चालू होती. कंत्राटदार पणजोबांच्या शिस्तीबद्दल बोलत होते. आईने मान वर करून विचारलं, शिस्त? मी म्हटलं, औषधांच्या वेळांची. पडदा ओढला गेला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतली माणसं एकदा पुतळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागली. वहिनी हलक्या आवाजात यजमानांना म्हणाल्या की निदान दात तरी दिसत नाहीत. माझे कान तापले.

पाहुणे चहाकडे वळले तेव्हा मी खुर्ची खांबाशी नेली. पुतळा बुटक्या खांबावर होता, आईला हात पुरत होता. पण तिने आधी पुतळ्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "खाली काय लिहिलंय ते वाच."

पाटीवर चार ओळी होत्या. नाव, हुद्दा, कारकीर्द, सौजन्य. कंत्राटदार कप घेऊन शेजारीच उभे होते, मास्तरही होते. मी नाव वाचलं. त्यात काही खोटं नव्हतं, ते तिच्या वडिलांचंच नाव होतं. मग मी पुढे वाचायला लागलो. या इस्पितळात हे डॉक्टर होते, मी वाचलं. साथ आली तेव्हा गाव रिकामं झालं आणि हे थांबले. वॉर्डात खाटा संपल्या तेव्हा हे जमिनीवर बसून रोग्यांना औषध देत होते. शेवटच्या आठवड्यात ज्यांची नावं लिहायलाही कुणी उरलं नाही, त्यांच्यात हेही गेले. मागे बायको आणि लहान मुलगी होती. मुलगी नुकती चालायला लागली होती. मी वाचत राहिलो. कंत्राटदारांनी कप बशीत ठेवला. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि वर्गात काढायचे त्या आवाजात म्हणाले, "बरोबर वाचताहेत. वाचू द्या."

कंत्राटदार गप्प राहिले. तेवढ्यासाठी मी त्यांना नंतर मनातल्या मनात छप्पर माफ केलं.

मग आईने हात पुढे केला. आधी पाटी चाचपली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीत टाकली, उभी टाकली, ओळींवरून बोट फिरवलं. "एवढं सगळं एवढ्याशा पाटीवर बसलं का रे?" तिने विचारलं. बारीक अक्षर आहे, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि हात वर नेला. हनुवटी, गाल, नाक. मिशीशी बोटं थबकली, दोन्ही टोकांपर्यंत जाऊन परत आली. मग उजव्या भुवईवर गेली आणि तिथेच थांबली. खोक होती तिथे. माझ्या लहानपणी ती वाहायला लागली होती तेव्हा याच बोटांनी तिने ती दाबून धरली होती.

मला वाटलं, संपलं. इतके दिवस तिने श्वास पुरवून वापरला तो यासाठी, आणि मी तिला माझंच थोबाड आणून दाखवलं.

हात खाली घसरला, मानेवरून कोटावर आला. कॉलर, पहिलं बटण, दुसरं बटण. तिथे अंगठा फिरायला लागला. मोठं, गोल, मध्ये खळगा, कडा उचललेल्या. ती खुर्चीत पुढे सरकली. गाल जवळजवळ पुतळ्याच्या छातीला लागला.

"चेहरा तुझाच आहे," ती म्हणाली. "मिशी कुणा भलत्याचीच आहे, आणि तू वाचलंस ते इथे लिहिलेलं नाही. पण हे बटण त्यांचं आहे. हे कुणी बरोबर केलं रे?"

मी म्हटलं, शिल्पकाराने. चौकशी करून केलं.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटी शेवटी बोलत नव्हती, अंगठा मात्र बोटाच्या टोकावर फिरत होता. बायकोने माझ्या जुन्या कोटाचं बटण काढून तिच्या हातात दिलं. तिने चाचपलं आणि परत दिलं. ते नव्हतं.

शिल्पकाराचे पुतळे गावात बरेच आहेत. महापौर, कॉलेजचे संस्थापक, तलावाला जागा देणारे. मी कामाला म्हणून बाहेर पडतो आणि कुठे ना कुठे एखादा लागतोच. आजूबाजूला कुणी नाही ना ते बघतो आणि वरून दुसऱ्या बटणावर अंगठा फिरवून पुढे जातो. इस्पितळातल्या बटणाला मात्र हात लावत नाही. तिथे खिडकीसमोर रांग असते, आणि लोक आधीच माझ्याकडे बघत असतात.